ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू गुलाबी का दिसतात? (स्लाइड, स्मिअर आणि रंग)

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून जांभळे म्हणजे पॉझिटिव्ह आणि गुलाबी म्हणजे निगेटिव्ह असे ओळखायची पद्धत) जमत नाहीये आणि नेमकं कुठे बिघडतंय तेच कळत नाहीये, म्हणून हा धागा.

आम्हाला बॅसिलस सबटिलिस दिलंय. पुस्तकाप्रमाणे ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळं दिसायला हवं. माझ्या स्लाइडवर बहुतेक काठ्या गुलाबी. मधेच एखादी जांभळी, एखादी अर्धी जांभळी अर्धी गुलाबी. काही ठिकाणी मात्र नुसते गडद जांभळे ढीग, त्यात एक पेशी वेगळी दिसेल तर शपथ.

पद्धत अशी: पाण्याच्या थेंबात लूपने (तारेच्या कडीने) कल्चर (वाढवलेले जिवाणू) मिसळून काचेवर पसरवलं, म्हणजे स्मिअर केला, हवेवर वाळवलं, ज्योतीवरून तीनदा फिरवलं. क्रिस्टल व्हायलेट एक मिनिट, पाणी, ग्रॅमचं आयोडीन एक मिनिट, पाणी, ९५ टक्के अल्कोहोल, पाणी, सॅफ्रानिन एक मिनिट, पाणी. टिपकागदाने टिपून ऑइल इमर्शनखाली (काच आणि लेन्स यांमध्ये तेलाचा थेंब ठेवून) बघितलं.

बाई म्हणाल्या अल्कोहोल जास्त झालं. पुढच्या खेपेला कमी केलं, तर ढीग वाढले आणि गुलाबी काठ्या होत्या तशाच. अल्कोहोल नेमकं किती सेकंद ठेवायचं?

काचपट्टी

सेकंद मोजत बसू नका. स्लाइड तिरकी धरा, वरच्या कडेने थेंब थेंब अल्कोहोल सोडा आणि खाली ओघळणाऱ्या द्रवाकडे बघा. जांभळं येणं थांबलं रे थांबलं की लगेच पाण्याखाली. दुसऱ्याच्या वहीतले सेकंद तुमच्या स्लाइडला लागू होत नाहीत, कारण स्मिअरची जाडी वेगळी आणि रंग उतरवणारा द्रवही वेगळा असू शकतो. नुसतं ९५ टक्के अल्कोहोल सगळ्यांत संथ, अ‍ॅसिटोन सगळ्यांत वेगवान, दोन्हींचं मिश्रण मधलं. अ‍ॅसिटोनला दोन-तीन सेकंद पुरतात, तेवढाच वेळ अल्कोहोल दिलं तर काहीच उतरत नाही.

बाणकोन

काचपट्टी +१. ही पायरी हाताला बसेपर्यंत करत राहायची, दुसरा इलाज नाही.

जुनीलॅब

सगळं खापर अल्कोहोलवर फोडण्याआधी थोडं थांबा. निळीशाई, चार गोष्टी विचारतो, उत्तरं दिलीस तर बरंच कळेल.

कल्चर किती जुनं होतं? त्याच स्लाइडवर माहितीतले दोन जिवाणू, म्हणजे एक खात्रीचा पॉझिटिव्ह आणि एक खात्रीचा निगेटिव्ह, कंट्रोल म्हणून लावले होतेस का? रंगवण्याआधी वाळलेला स्मिअर डोळ्यांना कसा दिसत होता, पांढरा ठळक डाग की अंधूक साय? आणि चौथं महत्त्वाचं: गुलाबी काठ्यांच्या आत कुठे रिकामी, चकाकणारी लंबगोल जागा दिसते का?

निळीशाई

सर, कल्चर प्रात्यक्षिकाच्या स्लँटवरचं (नळीत तिरक्या गोठवलेल्या खाद्यावरचं) आहे. नवीन बॅच बसवलेली नाही, मागच्या आठवड्यातलं असावं. कंट्रोल लावला नव्हता, तसं कुणी सांगितलंच नाही. स्मिअर पांढरा ठळक दिसत होता.

आणि हो! लंबगोल जागा दिसते. बऱ्याच काठ्यांच्या मधोमध गुलाबी रंगात एक रंगहीन खिडकी. मला वाटलं बुडबुडा असेल.

जुनीलॅब

बुडबुडा नाही, स्पोअर आहे. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या खिडकीतच आहे.

बॅसिलसचं खाद्य संपत आलं की तो पेशीच्या आत एंडोस्पोअर, म्हणजे वाईट दिवस काढणारं सुप्त रूप, बनवायला घेतो. स्पोअरचं आवरण इतकं चिवट की क्रिस्टल व्हायलेट आणि सॅफ्रानिन दोन्ही आत शिरत नाहीत, म्हणून तेवढा भाग कोरा राहतो. म्हणजे तुझं कल्चर म्हातारं झालंय. अशा कल्चरमध्ये पेशीभित्ती झिजते, काही पेशी मरून त्यांचीच एन्झाइम्स त्यांची भित्ती खात असतात. ग्रॅम स्टेनचा सगळा डोलारा त्या भित्तीवर उभा आहे.

नीट बघू. क्रिस्टल व्हायलेट सगळ्यांच्याच पेशीत शिरतं. त्यावर आयोडीन दिलं की दोघांचा मोठा, पाण्यात न विरघळणारा संयुक्त रेणू आतच तयार होतो. ग्रॅम पॉझिटिव्हच्या भित्तीत पेप्टिडोग्लायकनचा थर साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड असतो. अल्कोहोलने त्यातलं पाणी खेचलं की तो आक्रसतो आणि जांभळा रंग आत कोंडला जातो. ग्रॅम निगेटिव्हमध्ये हा थर १० नॅनोमीटरपेक्षाही पातळ. त्याबाहेर लिपिडचं पटल असतं, ते अल्कोहोलने विस्कटतं आणि रंग बाहेर पडतो. मग सॅफ्रानिनने त्या पेशी गुलाबी होतात.

तेव्हा हा रंग जिवाणूचं नाव सांगत नाही, त्या क्षणी त्याची भित्ती धडधाकट आहे की नाही हे सांगतो. भित्तीला भोकं पडलेली असतील तर अल्कोहोल कितीही जपून सोड, रंग गळणारच. अल्कोहोल कमी करूनही गुलाबी काठ्या तशाच राहिल्या ना? ते यामुळे.

ढिगांचं कारण वेगळं आहे, जाड स्मिअर. ढिगाच्या आतपर्यंत अल्कोहोल पोचतच नाही. तिथे खरा ग्रॅम निगेटिव्ह असता तरी जांभळाच दिसला असता. म्हणजे एकाच स्लाइडवर दोन वेगवेगळे दोष एकमेकांच्या उलट दिशेला ओढतायत, आणि तू दोन्हींचा इलाज अल्कोहोलच्या बाटलीत शोधते आहेस.

१८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घे, स्मिअर पातळ कर, कंट्रोल लाव. मग इथे कळव.

मायटोमित्र

वा! खिडकीवरून वय ओळखलं. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

काचपट्टी

जुनीलॅब, पटलं. पण नवशिक्यांच्या स्लाइड मी वर्षानुवर्षं तपासतोय, त्यांत दहांतल्या आठांचं दुखणं रंग उतरवण्यातच असतं. कल्चर ताजं असलं तरी वीस सेकंदांऐवजी मिनिटभर अल्कोहोल ओतलं तर स्टॅफिलोकोकसही गुलाबी होतो. म्हणून त्या पायरीला मी अजूनही पहिला संशयित मानतो.

जुनीलॅब

माझा विरोध इतकाच, की कंट्रोल नसेल तर संशय कुणावर घ्यायचा हे ठरवताच येत नाही. एकाच स्लाइडवर डावीकडे स्टॅफिलोकोकस ऑरियस, उजवीकडे ई. कोलाय, मधे आपला नमुना. डावा जांभळा आणि उजवा गुलाबी आला, तर रंग, वेळ, हात सगळं ठीक, दोष नमुन्यात. दोन्ही गुलाबी आले तर अल्कोहोल जास्त झालं किंवा आयोडीन मेलं. दोन्ही जांभळे आले तर उतरवलंच नाही. तीन ठिपके लावायला मिनिटभर लागतं, आणि मग वाद घालायची गरजच राहत नाही.

रंगारी

आयोडीन मेलं हा मुद्दा फार कमी लोक बोलतात. ग्रॅमचं आयोडीन गडद तपकिरी बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवायचं असतं. उघडं राहिलं, उजेड लागला की ताकद जाते. बाटलीतला रंग चहासारखा गडद न राहता फिकट पिवळा झाला की ओतून टाका. तसल्या आयोडीनने क्रिस्टल व्हायलेट पेशीत अडकतच नाही.

तसंच क्रिस्टल व्हायलेट गाळून घ्या. बाटलीच्या तळाशी बसलेले स्फटिक स्लाइडवर आले की हुबेहूब ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय (गोल जिवाणू) दिसतात. ओळखायची खूण: पेशी सगळ्या एकाच पातळीवर स्पष्ट होतात, स्फटिकांसाठी फाइन फोकस थोडा वर न्यावा लागतो. शिवाय ते सारख्या आकाराचे नसतात आणि कडा टोकेरी असतात.

बाणकोन

आणि हातमोजे घाला. नाहीतर चार दिवस तुमची बोटं ग्रॅम पॉझिटिव्ह!

भिंगवेडा

मी या क्षेत्रातला नाही, घरी एक सूक्ष्मदर्शक आहे आणि छंद आहे. ज्योतीवरून फिरवताना किती तापवायचं याचा अंदाज येत नाही. कमी तापलं तर धुताना सगळं वाहून जातं, जास्त तापलं तर काठ्या वेड्यावाकड्या दिसतात.

काचपट्टी

स्मिअर पूर्ण वाळल्यावरच, स्मिअरची बाजू वर ठेवून, ज्योतीतून दोन-तीनदा चटकन न्या आणि काचेची खालची बाजू हाताच्या पाठीला लावून बघा. गरम लागली पाहिजे, पण चटका बसता कामा नये. ओला स्मिअर तापवलात तर पेशी उकडतात आणि फुटतात.

रक्तवर्णी

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. माझं मत विचाराल तर ज्योत सोडा आणि मिथेनॉलने फिक्स करा. वाळलेल्या स्मिअरवर मिथेनॉलचे थेंब टाकून दोन मिनिटं ठेवायचं, उडू द्यायचं, झालं. पेशींचा आकार टिकतो. विशेषतः शरीरातल्या द्रवांचा नमुना असेल आणि त्यात पांढऱ्या पेशी बघायच्या असतील, तर उष्णतेने त्यांची जी दशा होते ती मिथेनॉलने होत नाही. उष्णतेने भित्तीला इजा होऊन ग्रॅम पॉझिटिव्ह गुलाबी दिसण्याचीही शक्यता असते. तेव्हा निळीशाईच्या यादीत हेही कारण घ्या.

काचपट्टी

शुद्ध कल्चरला ज्योत पुरते हो. शिकणाऱ्याला आधी साधं जमू दे.

रक्तवर्णी

साधं कोणतं हाच तर प्रश्न आहे. ज्योतीला अंदाज लागतो, मिथेनॉलला नाही. बाटली ज्योतीपासून लांब ठेवायची एवढीच अट. मिथेनॉल पेट घेतं तेव्हा ज्वाळा जवळजवळ दिसत नाही आणि वाफही विषारी असते, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात.

आणखी एक. फिक्स केलं म्हणजे मेलं असं धरून चालू नका. विशेषतः क्षयाचे जंतू ज्योतीवर फिक्स केलेल्या स्मिअरमध्येही जिवंत राहू शकतात.

आम्लरोधी

रक्तवर्णी यांचं शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत वाचावं. थुंकीचे स्मिअर रोज बघते, त्यामुळे ग्रॅमबाहेरच्या रंगाबद्दल थोडं लिहिते.

क्षयाच्या जंतूच्या भित्तीत मायकॉलिक आम्लांचा मेणचट थर असतो. साधे रंग त्यात शिरत नाहीत, म्हणून ग्रॅममध्ये तो धड जांभळा नाही, धड गुलाबी नाही, कधीकधी तर नुसती कोरी सावली. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला तेव्हा रंगवण्याची पद्धत किचकट होती. त्याच वर्षी पॉल एर्लिख यांनी तो रंग आम्लानेही उतरत नाही हे दाखवलं. पुढे त्सील यांनी फिनॉल आणलं आणि नीलसेन यांनी ते बेसिक फ्युक्सिनशी जोडलं. आज आपण वापरतो ती त्सील-नीलसेन पद्धत अशी तुकड्यातुकड्यांनी बनलेली आहे. याच एर्लिखना पुढे स्वतःच्या थुंकीत हे जंतू सापडले.

पद्धतीतला कळीचा भाग म्हणजे उष्णता. स्लाइडवर कार्बोल फ्युक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही आणि पाच मिनिटांत रंग वाळू द्यायचा नाही. मेण सैल होतं, रंग आत जातो, थंड झाल्यावर आतच अडकतो. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल किंवा ३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं अल्कोहोल. शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या, काही मण्यांच्या माळेसारख्या तुटक रंगलेल्या. एक काडी सापडायला कधीकधी पाऊण स्लाइड पालथी घालावी लागते. १०० फील्ड (लेन्सखाली एका वेळी दिसणारे भाग) बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, हा नियम त्यासाठीच आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील तेव्हा कुठे ते स्मिअरमध्ये दिसण्याची आशा असते. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ रोग नाही असा होत नाही, हे रुग्णाला नीट समजावून सांगावं लागतं.

आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल, सावकाश. उलट कधीही नाही.

मायटोमित्र

आम्लरोधी ताई, एका स्लाइडवर दोन रुग्णांचे स्मिअर केले तर चालतं का? काच वाचते.

आम्लरोधी

अजिबात नाही. धुताना एकाचे जंतू दुसऱ्यावर वाहून जातात, आणि एखाद्याला नसलेल्या रोगाचं औषध महिनोन् महिने घ्यावं लागेल. याच कारणासाठी तेलाच्या ड्रॉपरचं टोक स्लाइडला लावायचं नाही, थेंब वरून सोडायचा, आणि टिपकागद दोन स्लाइडना तोच वापरायचा नाही. रंग बनवायला नळाचं पाणीही नको. पाण्यात राहणारे काही निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियाही आम्लरोधीच असतात.

पेशीवेडी

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण "आधी पूर्ण वाळवा, मग फिक्स करा" हे वाक्य इथे इतक्यांदा आलंय की एक इशारा द्यायलाच हवा. हे जिवाणूंसाठी खरं आहे. पॅप स्मिअरसाठी (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीसाठी) नेमकं उलटं आहे. गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पसरल्या की काही सेकंदांत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, ओल्या असतानाच, आणि किमान पंधरा मिनिटं तिथेच ठेवायच्या. मधे वाळल्या तर केंद्रक फुगून पसरट होतं, त्यातलं क्रोमॅटिन धुरकट होतं आणि रंग भलतेच येतात. तिथे सगळं निदान केंद्रकाचा आकार आणि पोत बघून होतं, त्यामुळे अशी स्लाइड वाचताच येत नाही. त्या बाईला पुन्हा बोलवावं लागतं, पुन्हा तोच त्रास.

पद्धत ठरवण्याआधी आपल्याला त्या पेशीत काय बघायचंय हे ठरवायला हवं. जिवाणूत बाह्य आकार आणि भित्ती, इथे केंद्रक.

रक्तवर्णी

पेशीवेडी, अगदी. आमच्याकडे तर एकाच बोटाच्या टोचणीतून दोन उलट नियम निघतात. मलेरियासाठी पातळ स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा, आणि शेजारचा जाड थेंब मुद्दाम फिक्स करायचा नाही. जाड थेंबातल्या लाल पेशी पाण्याने फुटून जायला हव्यात, तेव्हाच मागे परजीवी उरतात. तो वाळवायला गरम केला तरी पेशी फिक्स होतात आणि थेंब वाया.

पातळ स्मिअरबद्दल विचारलं नसलं तरी सांगते. पसरणारी काच ३० ते ४५ अंशांत धरायची, रक्त तिच्या कडेने दोन्हीकडे पसरू द्यायचं आणि एका दमात पुढे. रक्त पातळ असेल, म्हणजे पंडुरोगाचा रुग्ण असेल, तर कोन वाढवा. दाट असेल तर कमी करा. शेवटी पिसासारखी कडा आली पाहिजे. त्या कडेच्या अलीकडे, लाल पेशी सुट्या सुट्या पडतात तिथे वाचायचं.

रंग लिशमनचा असेल तर वेगळं फिक्स करावं लागत नाही, त्यात मिथेनॉल असतंच. दोन मिनिटांनी दुप्पट बफर घालायचा. पेशी बघायच्या तर बफरचा पीएच ६.८, मलेरियाचे परजीवी बघायचे तर ७.२. इतक्याशा फरकाने व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीने ग्रासलेल्या लाल पेशीतले शुफनर ठिपके उठून येतात.

शाळेचीबाई

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हे सगळं वाचून उत्साह आला. मुलांना गालाच्या आतल्या पेशी दाखवते, पण बहुतेकांना नुसता निळा चिखल दिसतो. काय सुधारू?

पेशीवेडी

मिथिलीन ब्लू फार घालता आहात. अगदी फिका, ०.१ टक्क्याचा किंवा त्याहून पातळ पुरे. कव्हर स्लिप तिरकी टेकवून हळू खाली सोडा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत, आणि कडेला टिपकागद धरून जादा रंग शोषून घ्या. कंडेन्सरचा पडदा थोडा मिटला तर पेशीच्या कडा उठून दिसतात.

आणि मुलांना ४०० पट मोठं करून एक मजा दाखवा. पापड्यासारख्या सपाट पेशीवर गडद निळं केंद्रक दिसेलच, पण त्याच पेशीवर टाचणीच्या टोकाएवढे निळे ठिपके, काही जोडीने, काही माळेत असतील. ते तोंडातले जिवाणू. पेशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर, जिवाणू जेमतेम एक. दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात आले की आकाराचा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. वापरलेल्या काड्या आणि स्लाइड लगेच जंतुनाशकात, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःचाच नमुना घ्यायचा.

शाळेचीबाई

हे ठिपके दरवेळी दिसतात, मी घाण म्हणून सांगत आले! उद्याच दाखवते. मनापासून आभार.

भिंगवेडा

तोंडाचा विषय निघालाच आहे म्हणून. घरी कल्चर वाढवायचं नाही हे मला मान्य आहे, अनोळखी जंतू बशीत वाढवण्यात धोका आहे. पण दातांच्या मुळाशी जमणारा पांढरा थर काडीने काढून ग्रॅम स्टेन केला तर एकाच स्लाइडवर केवढी विविधता! जांभळे कोकाय, लांब दोरे, दोन्ही टोकांना निमुळत्या गुलाबी काठ्या. लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये आपल्या दातांवरचं हेच बघून पत्र लिहिलं होतं, तेही कुठलाही रंग न देता. रंगवायच्या आधी थोडं पाण्यात तसंच बघावं, हालचाल दिसते. रंगवल्यावर मेलेलेच दिसतात.

जुनीलॅब

भिंगवेडा, छान. हे मीही सगळ्या विद्यार्थ्यांना सांगतो, रंगवण्याआधी ओली स्लाइड बघा. फक्त हालचाल आणि थरथर यांत गल्लत नको. जागच्या जागी थरथरणं ही पाण्याच्या रेणूंची ढकलाढकली, खरा पोहणारा जिवाणू दिशा धरून जातो.

ग्रॅम यांच्याबद्दलही एक सांगायला हवं. हान्स क्रिस्टियान ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर. १८८४ मध्ये बर्लिनमध्ये फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करताना न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसाचे छेद ते बघत होते. जिवाणूंचे दोन गट पाडायला ते निघालेच नव्हते. फुप्फुसाच्या पेशींचा रंग उतरावा आणि जिवाणूंचा राहावा, म्हणजे ते चटकन दिसतील, एवढाच हेतू. काही जिवाणूंचा रंगही उतरतो, उदाहरणार्थ टायफॉइडच्या, हे त्यांनी लिहून ठेवलं आणि पद्धत अजून अपुरी आहे असं स्वतःच नमूद केलं. पुढे तीच उणीव वर्गीकरणाचा पाया ठरली. म्हणून निळीशाई, तुझ्या स्लाइडवर जे दिसलं ते जसंच्या तसं वहीत लिही. पुस्तकात जांभळं आहे म्हणून जांभळं लिहू नकोस.

बाणकोन

हा मुद्दा प्रात्यक्षिक परीक्षेत गुण देणाऱ्यांनीही वाचावा. खरं निरीक्षण लिहिणाऱ्याला कमी आणि पुस्तक उतरवणाऱ्याला पूर्ण गुण, हे मी बघितलंय.

रंगारी

बाणकोन, शंभर टक्के. शंका असेल तर रंगावाचूनही पडताळा घेता येतो. काचेवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, त्यात कॉलनीचा चांगला गोळा घोळायचा, अर्ध्या मिनिटाने लूप हळूच वर उचलायचा. ग्रॅम निगेटिव्हची भित्ती फुटून डीएनए बाहेर येतं आणि चिकट तार निघते. पॉझिटिव्हला सहसा तार येत नाही.

काचपट्टी

आता स्मिअरच्या जाडीबद्दल, कारण ढिगांचा प्रश्न राहिलाच. स्लँटवरून किंवा प्लेटवरून घेताना लूप भरून घ्यायचंच नाही. सुईच्या टोकाने नुसता स्पर्श पुरे, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. पाण्याचा थेंबही छोटा, नाहीतर वाळायला वेळ लागतो आणि सगळं कडेला जमतं. ब्रॉथमधलं (द्रव खाद्यातलं) असेल तर पाणी नकोच. वाळलेली स्लाइड छापील कागदावर धरली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

काच आधी अल्कोहोलने पुसा. पाण्याचा थेंब तिच्यावर सपाट पसरला तर ती स्वच्छ, गोळा होऊन बसला तर तेलकट. तेलकट काचेवर जन्मात सारखा स्मिअर होत नाही. आणि नाव मार्करने लिहू नका, अल्कोहोलने ते धुऊन जातं. खरबरीत टोकावर पेन्सिलने लिहा.

रक्तवर्णी

तेल लावल्यावर ४० ची लेन्स चुकूनही त्यावरून फिरवू नका. ती कोरडी लेन्स आहे, तेलाने माखली की सगळं धुकं दिसतं. १०० ची लेन्स वापरताना कंडेन्सर वर आणि पडदा उघडा ठेवा. रंगवलेल्या स्लाइडला भरपूर उजेड लागतो. तेलाचा अपवर्तनांक काचेएवढाच, साधारण १.५१५ असतो, म्हणून मधे हवा राहिली तर प्रकाश वळून निसटतो आणि बारीक तपशील जातो.

निळीशाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. बाईंना हा धागा दाखवला. त्यांनी लगेच ताजं कल्चर लावायला सांगितलं आणि कंट्रोलसाठी स्टॅफ आणि ई. कोलायही दिले.

आज एकाच स्लाइडवर चार ठिपके केले: स्टॅफ, ई. कोलाय, रात्रभर वाढवलेलं बॅसिलस आणि जुन्या स्लँटवरचं बॅसिलस. रंग, वेळ, अल्कोहोल सगळं सारखं. स्टॅफ जांभळा, ई. कोलाय गुलाबी. ताजं बॅसिलस स्वच्छ जांभळं, काठ्यांच्या साखळ्या, टोकं चौकोनी, आत खिडक्या नाहीत. जुनं बॅसिलस पुन्हा गुलाबी-जांभळी खिचडी आणि खिडक्याच खिडक्या. ढीग एकाही ठिपक्यात नाहीत, कारण या वेळी कॉलनीला नुसती सुई टेकवली होती.

बाईंनी ती स्लाइड वर्गात सगळ्यांना दाखवली. वहीत चारही ठिपक्यांची निरीक्षणं जशी दिसली तशी लिहिली आहेत.

काचपट्टी

छान काम. या वेळी पहिला संशयित निर्दोष सुटला, मान्य.

जुनीलॅब

शाब्बास. जुना आणि ताजा शेजारी शेजारी ठेवायचं तुलाच सुचलं, हे मला फार आवडलं.

ते जुनं स्लँट टाकू नकोस. त्याच्यावर स्पोअर स्टेनिंग कर. ज्योतीवर फिक्स केलेल्या स्मिअरवर टिपकागदाचा तुकडा ठेव, त्यावर ५ टक्के मॅलॅकाइट ग्रीन ओत आणि पाच मिनिटं वाफेवर ठेव. कागद सुकायला लागला की वरून रंग घालत राहा. थंड झाल्यावर साध्या पाण्याने धू. इथे रंग उतरवायला पाणीच पुरतं, अल्कोहोल लागत नाही. मग अर्धा मिनिट सॅफ्रानिन.

निळीशाई

म्हणजे खिडक्या हिरव्या दिसतील आणि बाकी काठी गुलाबी?

जुनीलॅब

हो. काही स्पोअर काठीतून सुटून एकटेही पडलेले दिसतील, तेही हिरवेच. ते आतले आणि हे सुटलेले वेगळे मोज, पेशी कितपत म्हाताऱ्या झाल्यात त्याचा अंदाज येईल. काठीच्या मधोमध आहेत की टोकाला, आणि काठी तिथे फुगलीये का, हेही चित्रात दाखव. सबटिलिसमध्ये फुगवटा येत नाही.